डावा गाल, उजवा गाल

देवरूखच्या आमच्या शाखेत माझं काउंटर खिडकीला लागून आहे. खिडकी डाव्या हाताला. गेली अठरा वर्षं मी तिथंच बसतो. प्रमोशन नाकारणाऱ्याला बँक सहसा हलवत नाही. तीन वाजल्यानंतर ऊन काचेतून आत येतं आणि माझ्या डाव्या गालावर टेकतं. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण परवा कसल्याशा फॉर्मसाठी फोटो काढला, तो सौ.नी बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा डावा गाल म्हणजे उजव्या गालाचे थोरले बंधू वाटतात!"

मला वाटलं, फोटोग्राफरची चूक. पण आमच्या चिरंजीवींनी, म्हणजे कन्येनं, अमेरिकेतल्या एका ट्रकड्रायव्हरचा फोटो दाखवला. २०१२ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात तो छापला होता. गृहस्थ ६९ वर्षांचे, २८ वर्षं ट्रक चालवलेला. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीकडचा डावा गाल वाळत घातलेल्या आमसुलासारखा आणि उजवा बऱ्यापैकी गुळगुळीत. साधी काच यूव्हीबी किरण बरेचसे अडवते, पण यूव्हीए किरण आत सोडते. ते कातडीत खोलवर शिरून तिचे ताणे-बाणे उसवतात. थोडक्यात, आमच्या शाखेतली काच नियमाप्रमाणे निम्मंच काम करत होती.

यावर उपाय म्हणून कन्येनं स्वतःची एक इवलीशी बाटली पुढे केली. त्यात अँटिऑक्सिडंट. किंमत ऐकून मी बाटली दोन्ही हातांनी धरली. मग म्हटलं, एवढे पैसे मागतो तो माणूस आहे तरी कुठला, त्याचं मूळ गाव काढू या.

कॉमर्सच्या माणसाला समजेल असं सांगतो. उन्हामुळे कातडीत फ्री रॅडिकल नावाचे कर्जबाजारी रेणू तयार होतात. त्यांच्याकडे एक इलेक्ट्रॉन कमी असतो, तो ते शेजाऱ्याकडून ओरबाडतात. मग शेजारी कर्जबाजारी. अँटिऑक्सिडंट म्हणजे जामीनदार. तो स्वतःच्या खिशातून इलेक्ट्रॉन भरतो आणि प्रकरण मिटवतो. या कर्जबाजारीपणातूनच म्हातारपण येतं, असा सिद्धांत डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली मांडला. पुढे तो तेवढा सरळ ठरला नाही, पण उन्हानं जून झालेल्या कातडीच्या बाबतीत बराच लागू पडतो.

या जामीनदारांतला पहिला क जीवनसत्त्व. हंगेरीच्या सेंट-ज्यॉर्जी यांनी १९२८ साली तो पदार्थ वेगळा केला, पण पुरेसा मिळेना. एका रात्री बायकोनं ताटात मिरची वाढली. खायची इच्छा नव्हती आणि तसं सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून साहेब मिरची घेऊन प्रयोगशाळेत गेले. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. मिरचीत क जीवनसत्त्वाचा खजिना निघाला आणि १९३७ साली नोबेल मिळालं. मीही आजवर ताटातल्या अनेक गोष्टींना घाबरलो. पण आमच्या घरी प्रयोगशाळा नाही.

पण क जीवनसत्त्व बाटलीत टिकत नाही, चिरलेल्या सफरचंदासारखं तांबूस पडतं. म्हणून २००५ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल आणि मंडळींनी क १५ टक्के, ई १ टक्का आणि त्यात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातलं. मिश्रण टिकलं आणि उन्हापासूनचं संरक्षण चौपटीचं आठपट झालं. प्रयोग डुकराच्या कातडीवर केला होता, हे मी सौ.ना सांगितलं नाही.

आणि हे फेरुलिक आम्ल कोण? १८६६ साली ते प्रथम काढलं ते फेरुला नावाच्या झाडाच्या चिकापासून. म्हणजे आपला हिंग! शिवाय ते तांदळाच्या कोंड्यातही असतं. मी टुणकन उडालो. मिरची, हिंग, कोंडा! अख्खी बाटली आमच्या फडताळात होती!

रविवारी अंगणात आई कोकमाची सोलं उन्हात घालत होती. मी खुर्ची टाकली, कागदी लिंबू कापलं आणि डाव्या गालावर यथेच्छ चोळून उन्हात बसलो. दोन दिवसांनी गालावर भाजल्यासारखे काळे डाग उठले. आता थोरले बंधू ओळखू येईनात.

आईच्या बोटात गंजकी तार घुसली होती, म्हणून तिलाही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर माझ्याकडे बघून आधी हसले, मग म्हणाले, "लिंबाच्या रसात फ्युरोकुमारिन असतात. ऊन लागलं की कातडी भाजते. डाग जायला काही आठवडे लागतील. हिंग नाही ना लावलात?" लावायचा बेत होता, हे मी सांगितलं नाही. "खरा उपाय छत्री, टोपी, लांब बाह्या आणि सनस्क्रीन. ती बाटली जोडीला ठीक, पण छत्रीच्या बदली नाही."

तेवढ्यात नर्सनं इंजेक्शनसाठी आईची बाही वर केली आणि मी बघतच राहिलो. कोपरापासून खाली आईचा हात म्हणजे सुकलेल्या मळ्यासारखा, भेगा आणि डागच डाग. आणि बाहीखाली झाकलेला दंड पंचविशीतल्या मुलीसारखा नितळ! वय दोन्हींचं शहात्तर. जन्मभराची लावणी, काजू, सोलं, सगळं ऊन त्या कोपराखाली जमा होतं. त्याच खात्यातून माझी बी.कॉम.ची फी भरली गेली होती. मी तो हात हातात घेतला.

"काय बघतोस?" आई म्हणाली. "या हातांनी काम केलं. दंडानं काय केलं? त्याला कसलं म्हातारपण!"

येताना मी दोन छत्र्या आणि एक सनस्क्रीनची ट्यूब घेतली. आई सोलं घालताना आता छत्री उघडते खरी, पण ती सोलांवर धरायची की डोक्यावर, यावर आमचा रोज वाद होतो. शाखेत मी पडद्यासाठी अर्ज दिला आहे. तो वरच्या कार्यालयात पोहोचला असून विचाराधीन आहे. दरम्यान एका सहकाऱ्यानं सुचवलं आहे, की सहा महिने खुर्ची उलटी करून बसावं, म्हणजे उजवा गालही तेवढाच भरेल आणि ताळेबंद जुळेल.