क्रीडास्मृतिवस्तू, मुंबई उपनगरांतील

खेळाडू, सामना किंवा विक्रम यांच्याशी थेट संबंध आल्यामुळे जपून ठेवलेली वस्तू म्हणजे क्रीडास्मृतिवस्तू. बॅट, चेंडू, शर्ट आणि पदके सर्वत्र जपली जातात. प्रस्तुत नोंद मुख्यतः वांद्र्यापासून बोरिवली-मुलुंडपर्यंतच्या उपनगरांशी नाते असलेल्या, पण संग्रहात सहसा न आढळणाऱ्या वस्तूंविषयी आहे.

यांतील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे एक रुपयाची तेरा नाणी. वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात वाढलेला सचिन तेंडुलकर शिवाजी पार्कवर सराव करत असताना प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवत. सचिनला बाद करील त्या गोलंदाजाला ते मिळे. तो शेवटपर्यंत नाबाद राहिला तर त्याला. अशी तेरा नाणी त्याने मिळवली आणि पुढच्या सगळ्या मानसन्मानांनंतरही ती आपल्या अत्यंत मोलाच्या ठेव्यांत गणली. स्मृतिवस्तूचे मोल कशात असते, हे या नाण्यांइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. त्यांवर स्वाक्षरी नाही की खूण नाही. चार सुट्या पैशांत मिसळली तर ती वेगळी काढता येणार नाहीत. ती कोणी, कुठे, कशासाठी दिली ही हकीकत माहीत आहे, म्हणूनच ती अमोल आहेत.

दुसरे उदाहरण कागदाचे आहे. न्यूझीलंडचा गोलंदाज एजाझ पटेल १९८८ मध्ये मुंबईत जन्मला. त्याचे कुटुंब जोगेश्वरीचे. तो आठ वर्षांचा असताना ते न्यूझीलंडला स्थायिक झाले. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडे स्टेडियमवर त्याने भारताच्या पहिल्या डावातील दहाही बळी ११९ धावांत घेतले. कसोटीत असा पराक्रम त्याआधी जिम लेकर (१९५६) आणि अनिल कुंबळे (१९९९) या दोघांनीच केला होता, तोही आपापल्या देशात. सामन्यानंतर मुंबई क्रिकेट असोसिएशनने एजाझला त्या सामन्याचे धावपत्रक भेट दिले. ढाल किंवा चषक कोणत्याही दुकानात बनवून मिळतो. दहा वेळा एकाच गोलंदाजाचे नाव आलेला असा कागद मिळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते असोसिएशनने दिलेल्या भेटींत ही अतिशय समर्पक म्हणावी लागेल. त्याच कसोटीतला आपला शर्ट एजाझने २०२२ मध्ये ऑकलंडच्या स्टारशिप बालरुग्णालयासाठी लिलावात काढला.

काही आठवणी कपाटात ठेवता येत नाहीत. बोरिवलीत आजी-आजोबांकडे वाढलेल्या रोहित शर्माने २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये ट्वेन्टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकल्यावर खेळपट्टीवरची माती उचलून तोंडात घातली. त्या खेळपट्टीचा अंश आपल्यासोबत असावा असे वाटले, असे त्याने नंतर सांगितले. वानखेडेवर २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीचा विजयी षटकार जिथे पडला, त्या जागेच्या आसनांना मुंबई क्रिकेट असोसिएशनने २०२३ मध्ये स्मारकाचा मान दिला. त्या सामन्यातील धोनीची बॅट मात्र २०११ मध्येच लंडनमध्ये १ लाख पौंडांना विकली गेली.

विचित्र वस्तूही नीट जपली तर इतिहास सांगते. लॉर्ड्सच्या संग्रहालयात १९३६ पासूनची एक चिमणी आहे. केंब्रिज विद्यापीठाकडून खेळणाऱ्या जहांगीर खान या भारतीय कसोटीपटूचा चेंडू लागून ती मेली; तिच्यात पेंढा भरून तिला चेंडूवर बसवले आहे. गोलंदाज, फलंदाज, मैदान आणि सामना यांची नोंद असल्यामुळे आज जवळजवळ नव्वद वर्षांनीही ती निव्वळ गंमत राहिलेली नाही.

उपनगरांत उणीव आहे ती नेमकी या नोंदीची. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या क्रीडामंडळांत कबड्डी, खो-खो आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटची बक्षिसे, तुटलेल्या यष्ट्या, गुणपत्रके, स्पर्धांच्या पत्रिका पडून असतात. मंडळाची खोली लहान, म्हणून त्या माळ्यावर जातात. इमारत पुनर्विकासाला निघाली की घरे रिकामी करताना त्या भंगारात किंवा रद्दीत जातात. पावसाळ्याच्या दमट हवेत चामड्याच्या चेंडूला बुरशी धरते, कागद चिकटतात आणि पितळेवरची अक्षरे काळवंडतात. कबड्डीसारख्या खेळाचा स्थानिक इतिहास बराचसा अशाच कागदांत आहे, त्यामुळे ही हानी क्रिकेटपेक्षा तिथे मोठी आहे.

पुण्यातील सहकारनगरच्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ या खासगी क्रिकेट संग्रहालयाने एका व्यक्तीच्या ध्यासातून किती जमू शकते हे दाखवले आहे. तेवढी जागा आणि पैसा प्रत्येक मंडळाकडे नसेल. पण वही आणि पेन आहे. वाचकांच्या घरी किंवा मंडळात अशी एखादी वस्तू असेल तर तिच्यासोबत एक चिठ्ठी ठेवावी: तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी संघ, वस्तू कोणाची आणि कोणाकडून आली. धावपत्रकांची छायाचित्रे काढावीत, चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत न बांधता सुती कापडात ठेवावा, आणि घर बदलण्यापूर्वी माळा एकदा स्वतः उतरवून पाहावा.