घरच्या घरी इंजिन ऑइल बदलताना

मोटारसायकलचे इंजिन ऑइल घरीच बदलणारे हौशी पुणेकर कमी नाहीत. काम अर्ध्या तासाचे. चूक होते ती बहुधा ऑइल निवडताना. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑइल पुरते. मोटारीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असल्यास त्यात बुडालेल्या क्लचप्लेट घसरू लागतात. त्यामुळे नाना पेठेत खरेदी करताना डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही श्रेणी पाहावी. दाटपणाचा क्रमांक गाडीच्या पुस्तिकेनुसारच घ्यावा.

इंजिन तीन-चार मिनिटे चालवून ऑइल कोमट करावे, गाडी मेन स्टँडवर घेऊन ड्रेन बोल्ट सोडावा. वॉशर नवा टाकलेला बरा. बोल्ट पुन्हा आवळताना जोर नको. ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे गेले, तर वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च येतो! १०० ते १५० सीसीच्या गाड्यांना साधारण लिटरभर ऑइल लागते.

खरा प्रश्न उरतो तो काळ्या ऑइलचा. गटारात ओतलेले हे ऑइल अखेर मुठेत आणि पुढे भीमेतून उजनीच्या जलाशयाकडे जाते. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते, तर १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टप्प्याटप्प्याने ऑइल उत्पादकांवर आली आहे. रिकाम्या डब्यात पाणी न मिसळता भरून ते जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. सेंट्रिंगच्या फळ्यांना फासण्यासाठी कोणी मागितले, तरी देऊ नये.