नावातले गाव : तीन जुने चित्रपट

आपल्या समाजात आडनाव सांगितले की गाव कळते. पेणकर म्हणजे पेणचे, चेऊलकर म्हणजे चौलचे, रोहेकर म्हणजे रोह्याचे. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांची ही ओळख आपण मुंबई-ठाण्याला नेली आणि पुढे दिमोना, लोद, अशदोदपर्यंत आणली. जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत मात्र हे गाव बहुधा गळून पडलेले दिसते. तीन वेगळ्या काळांतले आणि तीन वेगळ्या प्रकारांचे चित्रपट आम्ही येथे घेतले आहेत. त्यांपैकी तिसरा थेट कुवैतचा आहे. तो येथे का आला, ते पुढे सांगतो.

पहिला 'आलम आरा'. भारतातला हा पहिला बोलपट 14 मार्च 1931 रोजी मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने तो काढला. राजा, दोन सवती, तुरुंगात पडलेला सेनापती आणि भटक्या लोकांत वाढलेली त्याची मुलगी अशी ही राजवाड्यातली प्रेमकथा. झुबेदा, मास्टर विठ्ठल आणि तरुण पृथ्वीराज कपूर त्यात होते, गाणी सात होती. स्टुडिओजवळून आगगाड्या जात. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून बरेचसे चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर होई.

ही कथा मूळ पारशी रंगभूमीवरच्या नाटकाची. नाटककार जोसेफ डेव्हिड. त्यांचे पूर्ण नाव जोसेफ डेव्हिड पेणकर, म्हणजे आपलेच. पुढे 1935 साली वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' आला. हातात चाबूक घेतलेल्या नादियाला पाहायला लोकांनी गर्दी केली. त्या चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा हात होता. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. उरली आहेत ती छायाचित्रे, जाहिराती आणि नावे. चित्रपटच दिसत नाही तेव्हा नावाला अधिकच महत्त्व येते. 'जोसेफ डेव्हिड' एवढेच वाचले तर हा माणूस कोण, कुठला, हे परक्याला कळत नाही. पुढे 'पेणकर' लावले की सारे उलगडते.

दुसरा 'बूट पॉलिश', 1954 चा. राज कपूर निर्माते, प्रकाश अरोरा दिग्दर्शक. भोला आणि बेलू ही पोरकी भावंडे. त्यांची काकी त्यांना भीक मागायला लावते. शेजारचा जॉन चाचा सांगतो, हात पसरू नका, हाताने काम करा. मुले पैसा पैसा जमवून बूट पॉलिशचे सामान घेतात, आणि पाऊस लागला की धंदाच बसतो. उपदेश थोडा जास्त झाला आहे हे आज पाहताना जाणवते. पण बेबी नाझ आणि रतन कुमार यांचे काम अजून खरे वाटते. जॉन चाचा तर अस्सलच. तो स्वतः दारूचा चोरटा धंदा करतो आणि मुलांना सरळ वाटेने चालायला सांगतो. ही विसंगती डेव्हिड यांनी न लपवता प्रेमाने उभी केली. त्या वर्षीचे सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक त्यांना मिळाले.

हे डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. कायद्याचे पदवीधर, समारंभांचे हजरजबाबी सूत्रसंचालक, 1969 चे पद्मश्री. 1979 च्या 'गोलमाल'मधले मामा आपल्या नातवंडांनीही पाहिले असतील. पडद्यावर नाव नुसते 'डेव्हिड' आणि गाजलेली भूमिका 'जॉन'ची. मग पुष्कळ प्रेक्षकांनी त्यांना ख्रिस्ती समजले तर नवल नाही. 'चेऊलकर' असते तर तो घोटाळा झाला नसता.

बगदादी ज्यू घराण्यांतल्या अभिनेत्रींनी तर नावेच बदलली. रूबी मायर्स सुलोचना झाल्या, एस्थर अब्राहम प्रमिला झाल्या, फ्लॉरेन्स इझिकेल नादिरा झाल्या. प्रेक्षकांना आपले वाटावे असे नाव घेणे त्या धंद्याची रीत होती, त्यात त्यांना दोष नाही. गंमत म्हणजे 1958 साली बिमल रॉय यांनी 'यहुदी' काढला, तेव्हा मुख्य भूमिकांत दिलीप कुमार, मीना कुमारी आणि सोहराब मोदी होते. नावात यहुदी, पण या तिघांत एकही ज्यू नाही!

आता कुवैत. कुवैत शहराच्या दक्षिणेला, विमानतळाकडे जाताना खैतान लागते. तेलाआधीचे हे छोटे गाव आज परदेशी नोकरदारांनी भरलेली वस्ती आहे. भारतीय तेथे भरपूर, भारतीय शाळाही आहेत. कोकणातला कोणी तेथे 'कर' लावून नाव सांगतो, तेव्हा ऐकणारा मराठी माणूस हमखास विचारतो, 'म्हणजे गाव कुठले?' ही ये-जा आजची नाही. आखातातले मोती विकायला मुंबईच्या बाजारात येत, आणि कुवैतमध्ये 1961 पर्यंत व्यवहार रुपयात चाले.

त्या मोत्यांवरच कुवैतचा पहिला कथापट 'बस या बहर' 1972 साली निघाला. दिग्दर्शक खालिद अल-सिद्दीक यांचे शिक्षण भारतात झाले होते. कृष्णधवल चित्रांत तेलाआधीचे कुवैत दिसते. बाप समुद्रात जायबंदी झालेला पाणबुड्या. मुलाचे प्रेम श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलीवर, म्हणून तोही मोती काढायला जातो आणि परत येत नाही. आई हाती आलेला मोती समुद्रातच फेकून देते. गाणीबजावणी, नाच दाखवतानाही दिग्दर्शक दारिद्र्य झाकत नाही, हे त्याचे मोठेपण.

याच कुवैतमध्ये 1908 साली सालेह आणि 1910 साली दाऊद हे ज्यू भाऊ जन्मले. आडनाव अल-कुवैती. आपल्यासारखेच, नावात गाव! पुढे बगदादमध्ये ते इराकी संगीताचे आधारस्तंभ झाले. सालेह यांनी 'आलिया व इसाम' या इराकी बोलपटालाही संगीत दिले. 1951 साली दोघे अलिया करून इस्राएलला आले आणि तेल अवीवच्या हतिक्वा वस्तीत राहिले. सद्दाम हुसेनच्या काळात इराकी आकाशवाणीवर त्यांची गाणी वाजत राहिली, पण नावे काढून टाकली गेली आणि गाणी 'पारंपरिक' ठरली. ती नावे घरच्यांनी परत आणली. दाऊद यांचे नातू दुदू तासा यांनी आजोबांची गाणी आजच्या वाद्यांवर पुन्हा गायली, आणि नव्या पिढीने विचारले, हे अल-कुवैती कोण?

आपल्या पेणकरांची आणि चेऊलकरांची नावे कोणी हुकूम काढून पुसली नाहीत. ती फक्त अर्धी लिहिली गेली. उरलेले अर्धे अजून आपल्या पिढीला पाठ आहे. म्हणून वाचकहो, घरात 'बूट पॉलिश' किंवा 'गोलमाल' लागला आणि 'डेव्हिड' हे नाव आले, की शेजारी बसलेल्या नातवाला पूर्ण नाव सांगा. त्याला चौल ठाऊक नसेल तर तेही सांगा : अलिबागच्या दक्षिणेला, समुद्राकाठी, जुने बंदर. हिब्रूत सांगितले तरी चालेल.