चेरीचं पेटंट संपलं, पुढे काय झालं? मेकॅनिकल कीबोर्डचे 'क्लोन' स्विच समजून घ्या

मोबाइलला किंवा लॅपटॉपला जोडायला मेकॅनिकल कीबोर्ड शोधलात तर एक गोष्ट लगेच दिसते. दोन-तीन हजारांच्या कीबोर्डवरही 'ब्लू स्विच' लिहिलेलं असतं आणि त्याच्या कितीतरी पट महाग कीबोर्डवरही तेच. रंग तोच, टकटक आवाजही तोच. मग मला हमखास विचारलं जातं, "स्वस्तातला डुप्लिकेट आहे का रे?"

माझं उत्तर असतं, बहुतेक वेळा नाही. तो क्लोन आहे. डुप्लिकेट आणि क्लोन यांत कायद्याच्या नजरेत मोठा फरक आहे.

आधी स्विच म्हणजे काय?

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली एक स्वतंत्र स्विच असतो. तो उघडला की मोजकेच भाग निघतात: वरचं आणि खालचं प्लास्टिकचं कवच, वर-खाली सरकणारा दांडा (स्टेम), एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पातळ पट्ट्या. बटण दाबलं की दांडा खाली जातो, पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटतं.

ही रचना लोकप्रिय केली चेरी कंपनीने. कंपनीची सुरुवात १९५३ मध्ये अमेरिकेत झाली, पुढे कारभार जर्मनीत गेला. तिचा एमएक्स स्विच १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. त्याच्या दांड्याचं टोक अधिक चिन्हासारखं (+) असतं. रेड स्विच सरळ खाली जातो, ब्राऊनला मध्ये हलका अडथळा जाणवतो आणि ब्लू अडथळ्यासोबत क्लिक आवाज करतो.

पेटंट म्हणजे मुदतीचा सौदा

पेटंट म्हणजे कायमची मालकी, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. सरकार म्हणतं, तुझा शोध कसा चालतो ते सगळ्यांना उघड करून सांग, त्या बदल्यात ठरावीक वर्षं दुसऱ्या कोणाला तो वापरू देणार नाही. भारतात ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं आहे. मुदत संपली की तो शोध कोणीही वापरू शकतो, परवानगी लागत नाही.

जन औषधी केंद्रात मिळणारी जेनेरिक औषधं आठवा. त्यांत मूळ औषधाचाच घटक असतो, पण बनवणारी कंपनी वेगळी. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. क्लोन स्विचचंही तसंच आहे.

२०१४ ची गोष्ट कितपत खरी?

"चेरीचं पेटंट २०१४ मध्ये संपलं आणि क्लोनचा पूर आला," हे वाक्य तुम्ही व्हिडिओंमध्ये ऐकलं असेल. मूळ पेटंटचा हिशेब मात्र तसा बसत नाही. अमेरिकेत ते १९८४ मध्ये मंजूर झालं. तेव्हा तिथे मुदत मंजुरीपासून १७ वर्षं होती. आजच्या पद्धतीने अर्जापासून २० वर्षं धरली तरी आपण २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच पोहोचतो. नंतरच्या सुधारणांची पेटंटं वेगळी असू शकतात, पण मूळ रचना २०१४ च्या बरीच आधी मोकळी झाली होती.

आणखी एक गंमत. पेटंट त्या-त्या देशापुरतंच चालतं. चीनचा पेटंट कायदा लागू झाला १ एप्रिल १९८५ ला, म्हणजे हा शोध अमेरिकेत जाहीर झाल्यानंतर. आधीच जाहीर झालेल्या गोष्टीला नवं पेटंट मिळत नाही.

मग क्लोन उशिरा का दिसले? माझ्या मते कारण सोपं आहे: आधी तेवढं गिऱ्हाईकच नव्हतं. गेमिंग कीबोर्डची मागणी वाढली तेव्हा कैल, गॅटेरॉन, औटेमू, टीटीसी या चिनी ब्रँडना मोठी बाजारपेठ मिळाली. २०१४ मध्ये रेझरने स्वतःच्या नावाचे स्विच आणले, ते सुरुवातीला कैलचे स्विच बनवणाऱ्या कंपनीकडूनच करून घेतले होते. म्हणून ते वर्ष लोकांच्या लक्षात राहिलं असावं.

नाव मात्र संपत नाही

पेटंट संपतं, पण ट्रेडमार्क वेळोवेळी नूतनीकरण करून कितीही वर्षं चालू ठेवता येतो. म्हणून तीच रचना वापरून स्वतःच्या नावाने विकला तर तो क्लोन. त्यावर 'चेरी' असं खोटंच छापलं तर तो डुप्लिकेट, आणि ती फसवणूक.

मग सगळे स्विच सारखेच?

नाही. पुरणपोळीची कृती पुस्तकात मिळते, हात मिळत नाही. पेटंटमधून रचना कळते, पण साचा किती अचूक, प्लास्टिक कोणतं, स्प्रिंग एकसारख्या आहेत का, हे कारखान्यावर ठरतं. म्हणून क्लोन चेरीपेक्षा वाईटच असतो असंही नाही. गॅटेरॉनचे सरळ जाणारे स्विच अनेकांना चेरीपेक्षा गुळगुळीत वाटतात. कैलने तर बॉक्स नावाची धुळीपासून जास्त बचाव करणारी वेगळी रचना आणली. नक्कल करणारे पुढे स्वतः शोध लावू लागले, ते असं.

आपला सर्वांत मोठा फायदा म्हणजे '+' आकार सगळ्यांचा झाला. त्यामुळे एका कंपनीचे कीकॅप दुसऱ्याच्या स्विचवर बसतात.

घेताना काय बघाल?

- फक्त 'ब्लू' किंवा 'रेड' वाचून ठरवू नका. तो रंग आहे, कंपनी नाही. स्विच कोणाचा ते शोधा.
- 'एमएक्स स्टाइल' किंवा 'एमएक्स कंपॅटिबल' म्हणजे चेरीचा स्विच नव्हे.
- स्विच बदलता येतो का, म्हणजे कीबोर्ड हॉट-स्वॅप आहे का, ते बघा. काही स्वस्त कीबोर्डच्या सॉकेटमध्ये औटेमूसारखे बारीक पायांचेच स्विच बसतात.
- पाच पायांचा स्विच तीन पायांच्या बोर्डवर बसवायचा असेल तर प्लास्टिकचे दोन जादा पाय कापावे लागतात. धातूचे पाय चुकूनही कापू नका.
- घरात रात्री टाइप करणार असाल तर ब्लू टाळा, घरचे ओरडतील!

थोडक्यात, क्लोन घेतला म्हणून लाजायचं कारण नाही. मुदत संपल्यावर शोध सगळ्यांचा व्हावा, यासाठीच तर पेटंटला मुदत असते. पैसे द्यायच्या आधी फक्त एवढंच बघा, की स्विच बनवणाऱ्याने त्यावर स्वतःचं नाव लावलंय का.