एका भिंगाचा शोध

नागपूरच्या ईशान्येस सुमारें ३० मैलांवर रामटेकची टेकडी आहे. मैदानांतून येणाऱ्या वाटसरूला तिच्या माथ्यावरील देवळें दुरूनच दिसूं लागतात. कॅमेरा घेऊन तेथें जाणाऱ्यापुढें एकाच दिवसांत दोन निराळीं कामें येतात. पायथ्याशीं उभें राहून तट व शिखरें एका चित्रांत घ्यावयाचीं असतात. आणि वर लक्ष्मणाच्या देवळांत, यादव राजा रामचंद्र याच्या काळचा झिजलेला शिलालेख हातभर अंतरावरून टिपावयाचा असतो. दूरचें दृश्य आणि जवळची वस्तु हीं दोन्ही एकाच भिंगानें साधतील काय, हा प्रश्न आज दुकानांत भिंग निवडणाऱ्या प्रत्येकास पडतो. परंतु तो नवा नाहीं. छायाचित्रणाच्या कलेइतकेंच त्याचें वय आहे.

ही कला १८३९ मध्यें जगापुढें आली. त्या वेळीं दृश्यें टिपण्यासाठीं जें साधें भिंग वापरीत, त्यास प्रकाश आंत सोडणारें छिद्र फार लहान ठेवावें लागे. शिवाय त्यांतून चित्राच्या कडेच्या सरळ रेषा वांकत. डोंगराचें त्यांत कांहीं बिघडत नसे. देवळाचा खांब मात्र धनुष्यासारखा वांके. पुढल्याच वर्षीं व्हिएन्नाच्या पेट्झवाल या गणितज्ञानें माणसांच्या तसबिरींसाठीं दुसरें भिंग रचलें. तें पहिल्याहून कितीतरी पट अधिक प्रकाश घेई. मध्यभागीं चेहरा रेखीव उमटे, पण कडा अंधुक राहत. चेहऱ्याला तें शोभे. सपाट ताम्रपटाला मात्र तें निरुपयोगी, कारण ताम्रपटाचें शेवटचें अक्षर पहिल्याइतकेंच महत्त्वाचें असतें.

तेव्हां प्रवाशानें दोन भिंगें बाळगावीं, हा सरळ उपाय झाला. पण १८५१ नंतर रूढ झालेल्या ओल्या कांचेच्या पद्धतींत कांचेवर लेप देणें, चित्र घेणें व तें धुणें हें सर्व लेप ओला असतांनाच उरकावें लागे. रसायनें, कांचा आणि अंधाराचा तंबू एवढा संसार बरोबर न्यावा लागे. आगगाडी नागपुरास पोंचली ती १८६७ मध्यें. तोंवर हें ओझें बैलगाडीनेंच हलवावयाचें. अशा प्रवासांत प्रत्येक शेर वजनाचा हिशेब होई.

तरीही लोकांनीं हें कष्ट सोसले. मुंबईस १८५४ मध्यें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व तींत डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी गृहस्थ कार्य करूं लागले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगी नकला करणाऱ्या रॉबर्ट गिल यानेंही कॅमेरा हातीं घेतला, आणि त्यानें घेतलेलीं लेण्यांचीं छायाचित्रें १८६४ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. दोनच वर्षांनीं, १८६६ च्या डिसेंबरांत, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्याच्या बहुतेक नकला जळाल्या. ओल्या कांचेला तांबडा व पिवळा रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून त्या चित्रांचे रंग छायाचित्रानें वांचविले असें म्हणतां येत नाहीं. परंतु लेण्यांचें शिल्प त्या वेळीं कसें होतें, याचा पुरावा ग्रंथांत राहिला. भिंगाची निवड ही केवळ हौसेची बाब नाहीं, हें यावरून ध्यानांत येईल.

त्याच १८६६ सालीं लंडनमध्यें डॅलमायर व म्यूनिकमध्यें स्टाइनहाइल यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, एकच युक्ति शोधून काढली. सारखीं दोन भिंगें समोरासमोर बसवून मध्यें छिद्र ठेवावयाचें. एकानें रेषा बाहेर वांकविली, तर दुसरें तितकीच आंत वांकवितें व रेषा सरळ राहते. देऊळ, नकाशा, मूर्ति, माणसांचा समूह, सर्वांस तें चाले. पुढें कित्येक वर्षें तेंच प्रवाशाचें भिंग ठरलें. मात्र तसबिरींच्या भिंगापेक्षां तें प्रकाश कमी घेई. वेग सोडून त्यानें सरळपणा मिळविला होता.

या सरळपणाचें मोल शिलालेखांच्या अभ्यासकाला विशेष कळतें. नागपूरच्या मॉरिस कॉलेजांत अध्यापन केलेले महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं रामटेकचा तो लेख एका सहकाऱ्यासह संपादिला. अशा कामांत झिजलेल्या दगडावर ओला कागद ठोकून शाईचा ठसा घेतात आणि त्या ठशाचें छायाचित्र ग्रंथांत छापतात. भिंगानें कड अंधुक केली, तर दूरच्या वाचकाला कडेचें अक्षर संशयित होतें आणि राजाचें नांव किंवा शकाचा आंकडाच नेमका तेथें असूं शकतो.

पुढें जर्मनींत येना येथें नव्या जातीची कांच तयार झाली व १८९० मध्यें रुडॉल्फ यानें कडेपर्यंत रेखीव राहणारें भिंग रचलें. १८९३ मध्यें टेलर या इंग्रज गृहस्थानें तेंच काम तीन कांचांत साधलें आणि १९०२ मध्यें रुडॉल्फनें चार कांचांचें टेसर दिलें. १९५९ मध्यें स्थिर छायाचित्रणासाठीं झूम भिंग बाजारांत आलें. आतां एका नळींत जवळ-दूरचा पल्ला सामावूं लागला. त्याबरोबर वजन वाढलें व रेषांचा जुना वांकडेपणा कांहीं अंशीं परत आला.

प्रकाशाचे नियम मात्र बदलले नाहींत. वस्तूचें चित्र तिच्याच आकाराचें हवें असेल, तर भिंग पुढें सरकावें लागतें. जुन्या कॅमेऱ्याचा लांब भाता याचसाठीं होता. रुंद पल्ल्याचें भिंग वस्तूजवळ नेलें कीं पुढचा भाग फुगतो. म्हणून भांडें, दागिना, मूर्ति यांस किंचित् लांब पल्ल्याचें भिंग घेऊन मागें सरणें हितावह. गडाला रुंद पल्ला हवा, शिलालेखाला सरळ रेषा हवी, अंधाऱ्या गाभाऱ्याला मोठें छिद्र हवें. तिन्ही पूर्णत्वानें देणारें भिंग अजून झालेलें नाहीं. म्हणून एकच भिंग घेऊन निघणाऱ्यानें, परत आल्यावर आपल्याजवळ काय असलेंच पाहिजे, हें नागपुरांतच ठरवावें. रामटेकचा गड उद्यांही तेथेंच असेल. भिंतीवरचें झिजणारें अक्षर असेलच असें नाहीं.