लिपी एक, शुद्धलेखन दोन : इंदूरच्या मराठी घरातले शब्दखेळ



आपल्याकडे जुन्या वाड्यांवर, गणपतींवर, सराफ्यातल्या खाण्यावर खूप लिहून झालं. आज जरा शुद्धलेखनावर लिहितो. विषय रुक्ष वाटेल, पण महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत मराठी नुसती बोलण्यात राहिली की लिहिण्यातही टिकली, याचा हिशेब इथेच लागतो.

मी १९५७ साली शाळेत गेलो. आदल्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश झाला होता. माझी शाळा हिंदी, घर मराठी. दोन्हीकडे देवनागरीच, त्यामुळे मोठ्यांना वाटायचं, पोराला हिंदी लिहिता आलं म्हणजे मराठीही आलं. गोम तिथेच होती. लिपी वेगळी असती तर मुलाला दोन भाषा वेगळ्या दिसल्या असत्या. इथे फरक लपून राहायचा. शाळेत कवि, शक्ति, गुरु. घरी कवी, शक्ती, गुरू. शाळेत ‘फूल का’, घरी ‘फुलाचा’. आणि ळ तर शाळेत नव्हताच. ज्या होळकरांचं हे शहर, तेही हिंदीत ‘होलकर’!

त्यात भर पडली १९६२ साली. मराठी साहित्य महामंडळाने केलेल्या १४ नियमांना महाराष्ट्र शासनाची मान्यता मिळाली. १९७२ साली आणखी ४ जोडले गेले, एकूण १८. उच्चारात नसलेली टिंबं गेली: नांव, कांहीं, केलें यांचे नाव, काही, केले झाले. त्याआधी आपणही कवि, गुरु असंच ऱ्हस्व लिहीत होतो. म्हणजे आजोबांची पत्रं जुन्या वळणाची, पुण्याहून येणारी मासिकं नव्या वळणाची, आणि शाळा हिंदी. एका घरात तीन शुद्धलेखनं! तिकडच्या मुलांना नवी पाठ्यपुस्तकं मिळाली. आम्हाला होती आत्या.

रामबागेतल्या आमच्या घरी ती रोज संध्याकाळी पोरं गोळा करायची. दहा ओळी काढायला लावणं तिला पसंत नव्हतं. तिचा पहिला खेळ हातांचा. शाळेतली ‘छोटी इ की मात्रा’ म्हणजे घरची पहिली वेलांटी, ती अक्षराच्या डावीकडे, म्हणून डावा हात वर. दुसरी वेलांटी उजवीकडे, म्हणून उजवा. पहिला उकार आला की वाकायचं, दुसरा आला की खाली बसायचं. शब्दाच्या शेवटी बहुतेक उजवाच हात येतो, हे दोन दिवसांत कळायचं. मग ती हळूच ‘आणि’ म्हणायची. तिथे डावा. उजवा वर करणारा बाद!

दुसरा खेळ पत्त्यांचा. जुन्या लग्नपत्रिका कापून एकावर ‘फूल’, दुसऱ्यावर ‘फुलाचा’. ‘वीट’ आणि ‘विटेचा’. ‘गरीब’ आणि ‘गरिबाला’. पालथे मांडून जोड्या लावायच्या. मध्येच ‘शरीर’ आणि ‘शरीराला’ ही न बदलणारी संस्कृत जोडी असायची. ती लागली की दोन डाव जास्त.

तिसरा खेळ रस्त्यावरचा. राजवाड्यापर्यंत चालत जाताना पाट्यांवर ‘हरवलेला ळ’ शोधायचा. काले, गोखले, भाले: यात ळ कुठे हरवला आणि ल मुळातलाच कुठे, हे ओळखायचं. गोखल्यांपाशी हमखास भांडण व्हायचं.

आजोबांच्या पत्रांतली टिंबं मोजणं हा पावसाळ्यातला खेळ. ‘जुनं ते चूक’ असं आत्याने कधी म्हटलं नाही. ‘तेव्हाचा रिवाज तो, आताचा हा,’ एवढंच.

या खेळांची खरी किंमत मला बँकेत कळली. दोन खात्यांच्या नोंदी एकमेकांत मिसळल्या की ताळा लागत नाही. भाषेचंही तसंच. हिंदीतलं ‘कवि’ चूक नाही, ते हिंदीच्या खात्यात बरोबर आहे. मुलाला रागावलं तर त्याला वाटतं, आपल्याला लिहिताच येत नाही. खेळातून दाखवलं तर कळतं, आपली दोन खाती आहेत. शिवाय नियम मुळात आपल्या जिभेचाच आहे. शेवटचा इकार-उकार मराठी माणूस ओढूनच बोलतो, आणि ‘फुलाचा’ म्हणताना ‘फू’ आपोआप आखडतो. मुलाला आधी मोठ्याने बोलायला लावा, मग लिहायला.

आता नातवंडं मोबाइलवर लिहितात. कळफलक हिंदीचा असला की ‘शक्ति’ आधी पुढे करतो. पण नातीने परवा ‘बाळ’ लिहिताना ळ शोधून काढला. लग्नपत्रिका पुन्हा कापायला घेतल्यात.

बडोदेकर आणि बेळगावकर मंडळी, ळ गुजरातीतही आहे आणि कन्नडातही, तेवढं तुमचं बरं. पण ऱ्हस्व-दीर्घ तुमच्या घरी कसं शिकवलं? ग्वाल्हेरकरांची अडचण तर आमच्यासारखीच. आई-आजीचे खेळ आठवत असतील तर खाली जरूर लिहा. ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडायचे नाहीत.