शब्दांची फोड

ॲनोड, कॅथोड आणि आयन हे शब्द १८३४ सालचे. मायकेल फॅरेडे लोहाराचे चिरंजीव. शालेय शिक्षण बेताचे, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता वाचून शिकलेले. द्रावणातून वीज गेली की काय घडते, हे त्यांनी प्रयोगांनी शोधले. पण नव्या गोष्टींना नावे द्यायला लागणारे ग्रीक त्यांना येत नव्हते. त्यांनी केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांना पत्राने विचारले. ह्यूएल सुताराचे चिरंजीव, पण ग्रीक-लॅटिनचे जाणकार.

ह्यूएल यांनी ग्रीक ‘होडोस’ म्हणजे वाट, हा शब्द धरला. ‘ॲना’ म्हणजे वर, ‘काटा’ म्हणजे खाली. चढती वाट ॲनोड, उतरती कॅथोड. आयन म्हणजे जाणारा. हीच वाट ‘मेथड’मध्ये आहे आणि आपल्या तासांच्या ‘पीरियड’मध्येही. ‘इलेक्ट्रोलिसिस’मधला ‘लिसिस’ म्हणजे सुटे होणे, ‘ॲनालिसिस’मध्ये तोच.

मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला गेलेल्या आपल्यापैकी कित्येकांनी धनाग्र-ऋणाग्र मागे ठेवून हे शब्द नुसते घोकले. काहींनी धास्तीने शाखाच बदलली. ‘धन’ अधिक ‘अग्र’ ही फोड सरांनी फळ्यावर करून दिली होती. तशीच ती ॲनोडचीही होते, एवढेच कोणी सांगितले नाही. इंग्रजी कच्चे म्हणून ते शब्द अवघड वाटले, असे आपण समजत आलो. इंग्रजी मातृभाषा असलेल्या फॅरेडेंनाही ते विचारूनच घ्यावे लागले होते. आता मुला-नातवंडांना शब्द पाठ करायला लावण्याआधी तो फोडून दाखवू या.